माहितीपटात नेहमी कोणती तंत्रं वापरतात? बीडच्या ऊसतोड मजुरांवर करायचा विचार आहे

मुलाखत, निरीक्षण, जुनं चित्रण, निवेदन, प्रसंगाची पुनर्रचना ही नेहमीची. तुमच्या विषयाला निरीक्षण सगळ्यात जास्त मानवेल. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या गाव सोडतात, तेव्हा कॅमेरा लावा आणि गप्प उभे राहा. "जरा परत ट्रकमध्ये चढता का?" असं मात्र कुणाला म्हणू नका.

खरी कसरत मुलाखतीत. तुमचा आवाज संकलनात काढून टाकणार असाल, तर उत्तरातूनच प्रश्न कळायला हवा. "उचल (हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम) किती घेतली?" विचारलंत की "पन्नास हजार" एवढंच येतं, ते कुठंच जोडता येत नाही. "मावशी, उचलीचं कसं ठरतं, पहिल्यापासून सांगा" असं विचारा. बोलणं संपलं तरी कॅमेरा थोडा चालू ठेवा, बरंच काही तेव्हाच निघतं. मग त्याच जागेचा नुसता आवाज अर्धा मिनिट घ्या. तुकडे जोडताना मधली पोकळी त्यानं भरते. कोयता, मोळी बांधणारे हात, कोपीतली (मजुरांच्या झोपडीतली) चूल असे शॉट भरपूर काढा, मुलाखतीतले कट त्याखाली झाकतात. उसाच्या फडात वारा असतो, कॉलर माइकला फरचं कव्हर हवंच.

दुष्काळ दाखवायचा तर २०१६ साली मिरजेहून लातूरला आलेल्या पाण्याच्या रेल्वेचं चित्रण शोधा, पण वापरण्याआधी परवानगी घ्या. पुनर्रचना केलीत तर पडद्यावर तसं लिहा. निवेदन सगळ्यात शेवटी, तेही अडलंच तर.