आवाज कमी, मग कानाला टोचतो का?

प्रश्न : दीड वर्षापूर्वी पेट्रोलची गाडी काढून इलेक्ट्रिक घेतली, रोज मुलुंड ते परळ. गाडी शांत आहे हे मान्यच, पण 40 च्या आसपास वेग असला की आतून बारीक शिट्टीसारखा खरखरीत आवाज येतो, मोठा नाही पण डोक्यात जातो. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी मीटर लावून दाखवलं, डेसिबल जुन्या गाडीपेक्षा कमीच. घरचे म्हणतात तू गाणं शिकतेस म्हणून तुला जास्त ऐकू येतं. माझ्या कानाचा दोष आहे का? – एक वाचक, मुलुंड

उत्तर : ताई, कानाचा दोष अजिबात नाही, उलट तुम्ही गाणं शिकताय तर तुम्हाला हे लगेच कळेल. तानपुऱ्याची जोडीची तार लावताना दोन षड्ज, म्हणजे दोन ‘सा’, जवळ येतात पण जुळत नाहीत तेव्हा आवाज हेलकावे घेतो ना, मणी जरा सरकवला की हेलकावे मंद होतात आणि जुळलं की थांबतात. आता उलटं करा, तारांचे सूर एकमेकांपासून लांब न्या. हेलकावे सेकंदाला 20 च्या पुढे गेले की कानाला मोजता येत नाहीत, त्यांची खरखर होते, आणि सूर अजून लांब गेले की मगच दोन वेगळे सूर स्वच्छ ऐकू येतात. ती मधली जागा सगळ्यात त्रासदायक. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं हे 1863 मध्येच मांडलं होतं, पुढे 1965 मध्ये प्लॉम्प आणि लेव्हेल्ट या डच संशोधकांनी माणसांना सुरांच्या जोड्या ऐकवून तपासलं. कान आवाज पट्ट्यापट्ट्यांत ऐकतो, म्हणजे जवळजवळचे सूर एका गटात धरतो, आणि दोन सूर एकाच पट्ट्यात, पट्ट्याच्या रुंदीच्या साधारण पाव अंतरावर आले की सगळ्यात बेसूर वाटतं.

आता गाडीत हे कुठून येतं? उदाहरणादाखल धरा मोटर सेकंदाला 50 फेरे घेतेय, मिनिटाला 3,000, म्हणजे 40 च्या जवळपासचाच वेग. तिच्या गिअरला 23 दाते असतील तर दात्यांचा सूर 1,150 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं, आणि मोटरमधल्या चुंबकांच्या ओढीचा सूर फेऱ्यांच्या 24 पट असेल तर 1,200 हर्ट्झ. फरक 50. त्या भागात कानाचा पट्टा साधारण 200 हर्ट्झचा, त्याचा पाव म्हणजे 50! बरोब्बर नको तिथेच. पेट्रोल इंजिनमध्ये बहुतेक सूर स्फोटांच्या एकाच ठेक्याच्या पटीत असतात, एका तारेतून निघणाऱ्या स्वरांसारखे, म्हणून आवाज मोठा असूनही एकजीव वाटतो. इथे दात्यांचा आकडा वेगळा, चुंबकांचा वेगळा, त्यांचं आपसात सोपं नातं नाही. त्यात मोटरला करंट पुरवणाऱ्या इन्व्हर्टरची शिट्टी, ती बऱ्याच गाड्यांत वेग वाढला तरी जागची हलत नाही, आणि बाकीचे सूर मात्र मींड घेत वर चढतात.

हे सगळं पेट्रोलच्या गाडीतही असायचं का, तर गिअरचा आवाज होताच की, पण इंजिन त्याला झाकून टाकायचं. म्हणूनच फ्रीवेवर 80 ला तुम्हाला त्रास कमी होत असणार, तिथे टायर आणि वारा झाकतात. आणि म्हणूनच एक सांगतो, बाहेरच्या दुकानातून फोम आणि मॅट चिकटवून घेऊ नका घाईनं, कारण रस्त्याची घरघर कमी झाली की शिट्टी अजून उघडी पडते, मला हे फार महत्त्वाचं वाटतं कारण लोक यावर पैसे घालवतात.

मीटर खोटं बोलत नाही, पण तो फक्त किती ते सांगतो, कुठला सूर कुठल्या सुराशेजारी बसलाय ते नाही. म्हणून पुढच्या वेळी काचा बंद, एसी बंद, शेजारी कोणीतरी बसवून फोनवर स्पेक्ट्रम, म्हणजे आवाजातला एकेक सूर वेगळ्या रेघेनं, दाखवणाऱ्या ॲपनं रेकॉर्ड करा, 35 ते 50 पर्यंत हळू वेग वाढवत, आणि मधेच ॲक्सिलरेटर सोडूनही बघा. दोन रेघा शेजारी शेजारी दिसल्या तर ते घेऊन सर्व्हिसला जा, नुसतं आवाज येतो म्हणू नका. आणि आवाज महिन्या-महिन्याला वाढत असेल तर मात्र बेअरिंग आणि गिअर तपासून घ्याच, तो सुरांचा विषय राहत नाही.

प्रश्न : शांत गाडीला मुद्दाम आवाज का लावतात? आमच्या गल्लीत रिव्हर्स घेताना सुरावट वाजते. – एक वाचक, गिरगाव

उत्तर : पायी चालणाऱ्यांसाठी, त्यातही अंध माणसांसाठी. संयुक्त राष्ट्रांच्या 138 क्रमांकाच्या नियमात 10 किमी वेगाला किमान 50 आणि 20 ला 56 डेसिबल लागतात, आणि वेगाबरोबर सूरही चढायला हवा, म्हणजे गाडी जवळ येतेय आणि वेग घेतेय हे न बघता कळतं. पुढे टायरच पुरेसा आवाज करतात. गिरगावच्या गल्लीत माणसं रस्त्यावरूनच चालतात, तिथे तो आवाज राहू दे.