जिममध्ये ताकद वाढली, तरी १०० मीटरची वेळ का हलत नाही? इथे बायोमेकॅनिक्सचा उपयोग होतो का?

तुमचं म्हणणं असं, की सहा महिने स्क्वॉट मारून मांड्यांत ताकद आली, पण १०० मीटरची वेळ जागची हलली नाही. मग बायोमेकॅनिक्स, म्हणजे शरीराच्या हालचाली आणि त्यामागचे जोर अभ्यासणारं शास्त्र, आपल्यासारख्यांच्या कामाचं आहे का, की ते फक्त प्रयोगशाळेपुरतं? कामाचं आहे, आणि नेमकं तुमच्याच अडचणीवर. मी बरीच वर्षं धावपटूंना शिकवते, दर हंगामात कुणी ना कुणी हीच तक्रार घेऊन येतं.

पूर्ण वेगात पाऊल जमिनीवर जेमतेम ०.१ सेकंद टेकतं, अव्वल धावपटूंचं त्याहूनही कमी. स्नायूला मात्र आपला सगळा जोर लावायला साधारण ०.३ सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे स्क्वॉटमध्ये कमावलेला जोर पुरता लागायच्या आत पाऊल उचललेलंच असतं. जोर आहे किती, यापेक्षा तो लागतो किती झटकन, हे इथे बघायचं.

२००० साली संशोधक पीटर वेयँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवान आणि हळू अशा दोन्ही धावपटूंना ट्रेडमिलवर पळवून मोजमाप केलं. पूर्ण वेगात पाय हवेतून पुढे आणायला दोघांनाही जवळजवळ सारखाच वेळ लागत होता. फरक होता तो जमिनीला दिलेल्या रेट्यात. हे वाचल्यापासून मी मैदानावर ‘पाय भराभर उचल’ असं ओरडणं सोडून दिलं.

आता मोबाईल घ्या. स्लो मोशन सेकंदाला २४० फ्रेमवर ठेवा आणि साधारण ४० मीटरच्या खुणेपाशी, कमरेच्या उंचीवर धरून, कुणाला तरी बाजूने चित्रण करायला सांगा. पाऊल टेकलं ती फ्रेम थांबवा. कमरेपासून सरळ खाली रेघ ओढली, तर पाऊल तिच्या किती पुढे आहे? थोडं पुढे असणारच, पण गुडघा जवळपास सरळ आणि टाच लांब पुढे दिसली, तर प्रत्येक पावलाला तुम्ही स्वतःलाच ब्रेक लावताय. मग पाऊल टेकल्यापासून सुटेपर्यंतच्या फ्रेम मोजा. २४ फ्रेम म्हणजे ०.१ सेकंद.

माझ्याकडच्या एका मुलीला आधी कुणीतरी ‘लांब ढांगा टाक’ असं शिकवलं होतं. बिचारी मनापासून तेच करायची, आणि तिची टाच थपकन आदळल्याचा आवाज मला ट्रॅकच्या पलीकडे ऐकू यायचा. तिला मी एवढंच सांगितलं, ‘पाऊल अंगाखाली आण आणि जमीन मागे ढकल.’ पाचव्या-सहाव्या आठवड्यात आवाज बदलला. नुसता टप, टप. ढांग लांब होते ती मागच्या रेट्याने, पाय पुढे ताणून नाही.

लांब उडीतही असंच फसायला होतं. पुस्तकातलं गणित ४५ अंशांचा कोन सांगतं, पण अव्वल खेळाडू सुमारे २० अंशांतच उडतात, कारण त्याहून उंच उडायला गेलं की धावून मिळवलेला वेग हातचा जातो.

स्क्वॉट बंद करू नका. त्यांच्या जोडीला गुडघे फारसे न वाकवता घोट्यांवरच्या छोट्या, कडक उड्या सुरू करा, आठवड्यातून दोनदा, सुरुवातीला एका वेळी १५-२०, तीन वेळा. टाचेमागचा अकिलीस टेंडन (पोटरीच्या स्नायूला टाचेच्या हाडाशी जोडणारा पट्टा) स्प्रिंगसारखा ताणला जाऊन ऊर्जा परत देतो, आणि या उड्या त्यालाच तयार करतात. पण टेंडन स्नायूपेक्षा खूप सावकाश बळकट होतो. पोटरी ‘अजून चालेल’ म्हणते तेव्हा टेंडन तयार असतोच असं नाही. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिल्या चार पावलांना टाचेमागे दुखलं किंवा आखडलं, तर त्या दिवशी उड्या मारू नका आणि पुढच्या आठवड्यात निम्म्या करा. दुखणं तरीही राहिलं, तर फिजिओथेरपिस्टला दाखवा.