गाडीच्या आधी जिना भरतो

प्रश्न : नमस्कार काका, मी विश्रामबागची. मुलगा मोठ्या शहरात नोकरीला आहे, महिन्या-दोन महिन्यानं तिकडं जाणं होतं. परवा परत येताना सासूबाई बरोबर होत्या, वय ७४. गाडी तीन नंबरला लागणार म्हणून तासभर बसून राहिलो आणि ऐनवेळी पाच नंबर सांगितलं. झालं, सगळी माणसं एकदम जिन्याकडं, वरून दुसऱ्या गाडीची माणसं खाली येतायत आणि त्या रेट्यात सासूबाईंचा हात माझ्या हातातून सुटला. एका हमालदादांनी त्यांना कठड्याशी उभं करून स्वतः आडवे उभे राहिले म्हणून निभावलं, एक चप्पल तेवढी गेली. सांगलीत उतरेपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. फलाट मोठे केल्याशिवाय यातून सुटका नाही का? कारण ते काम काही लवकर होत नाही.

उत्तर : ताई, आधी सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि त्यांना सांगा की घाबरल्या त्यात त्यांचं काही चुकलं नाही. मी रेल्वेत होतो, निम्मी नोकरी मिरजेत गेली, आणि माझं मत विचाराल तर माणसं फलाटावर चेंगरत नाहीत, जिन्यावर चेंगरतात. बावीस डब्यांच्या गाडीला पंधराशे माणसं सहज असतात. जिना तीन मीटर रुंद धरा. मीटरभर रुंदीतून मिनिटाला साधारण पन्नास माणसं नीट चालत जातात, म्हणजे हा जिना मिनिटाला दीडशेच माणसं घेणार, पंधराशेंना दहा मिनिटं हवीत, तीही समोरून कोणी येत नसेल तर. समोरून दुसरी गाडी उतरली आणि हातात ट्रॉली बॅगा असल्या की हिशोब तिथंच मोडला. आणि चौरस मीटरभर जागेत सहा-सात माणसं झाली की पाय आपले राहत नाहीत, गर्दी नेईल तिकडं जावं लागतं, मग कितीही धडधाकट माणूस असो.

२९ सप्टेंबर २०१७ ला मुंबईत एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी) स्टेशनला हेच झालं. पाऊस आला म्हणून माणसं पुलावरच थांबली, खाली लोकल येत राहिल्या आणि रिकाम्या होत राहिल्या, अरुंद जिन्यावर २३ जीव गेले. १५ फेब्रुवारी २०२५ ला नवी दिल्लीत कुंभाच्या गर्दीत १८ गेले, तिथंही जिनाच. चौकशीत निघालं की एका प्रवाशाच्या डोक्यावरचं मोठं ओझं पडलं आणि त्यात अडखळून माणसं पडत गेली. एक बोचकं, ताई. म्हणून मी म्हणतो की जिन्याच्या तोंडाशी ना स्टॉल हवा, ना बाकडं, ना सामानाचा ढीग.

फलाट रुंद करणं चांगलंच आहे. दादरला २०२३ मध्ये मध्य रेल्वेनं दोन नंबर बंद करून एक नंबर रुंद केला आणि दादरहून सुटणाऱ्या काही लोकल परळवरून सोडल्या, तिथं फरक पडला. पण त्याच वर्षी तिथं फलाटांच्या नंबरांचा घोळही मिटवला, आधी पश्चिम आणि मध्य रेल्वे दोघांकडेही एक नंबर होता, आता मध्यचे आठपासून चौदापर्यंत आहेत. त्याला पैसा किती लागला असेल? पाट्या बदलायचा, बस.

माझ्या मते खरा उपाय म्हणजे गाडी लागेपर्यंत माणसाला फलाटावर सोडायचंच नाही, बाहेर सावलीत बसवायचं, पाणी-पंखा द्यायचा, आणि आधीची गाडी उतरून जिना मोकळा झाला की मग सोडायचं. दिल्लीनंतर रेल्वेनं सत्तरच्या वर स्टेशनांवर असे कायमचे थांबे करायचं ठरवलंय आणि बारा मीटर रुंदीचे पूलही, ते व्हायलाच पाहिजेत. मिरजेत आषाढीला पंढरपूरच्या छोट्या गाडीला आम्ही हेच करायचो, फलाटावर खडूनं डब्यांच्या रेघा मारायच्या, एकेक दिंडी आपापल्या रेघेशी बसवायची, गाडी आली की बसल्या जागेवरून उठून चढायचं. म्हातारी माणसं डोक्यावर तुळस घेऊन चढायची आणि कुंडीतली माती सांडायची नाही. तेव्हा माईकसुद्धा धड नव्हता, आज इंडिकेटर आहेत, कॅमेरे आहेत.

आणि ऐनवेळी फलाट बदलणं हा माझ्या मते गुन्हाच आहे. बदलायचाच असेल तर गाडी पंधरा मिनिटं उशिरा सोडा, पण माणसं पळवू नका. हे तुम्ही रेल्वेच्या १३९ नंबरवर किंवा तक्रारीच्या रेलमदत ॲपवर तारीख-वेळ घालून जरूर लिहा. आणि पुन्हा असं झालं तर सासूबाईंना घेऊन आधी भिंतीकडं व्हा, पहिला लोंढा जाऊ द्या, लिफ्ट असेल तर ती शोधा. गाडी गेली तर दुसरी मिळेल.

प्रश्न : दिवाळीत प्लॅटफॉर्म तिकीट बंद करतात, मग म्हाताऱ्या आईला गाडीत बसवायला कोण जाणार? – एक वाचक, माधवनगर

उत्तर : दादा, बंद करतात ते बरोबरच आहे, एकाला सोडायला चौघं येतात आणि गाडी सुटली तरी हलत नाहीत. २०२४ च्या दिवाळीत पुणे, दादर, कल्याणला बंद केलं होतं तेव्हा ज्येष्ठ आणि आजारी माणसांसोबत येणाऱ्यांना सूट होती. तेव्हा आईचं आधार कार्ड जवळ ठेवा, गेटवरच्या माणसाशी नीट बोला, आणि फक्त एकटे आत जा. बाकीच्यांनी रिक्षा स्टँडवरूनच टाटा करावा.