मनी प्लांट आणि अमॅरिलिसला एकसारखे पाणी का चालत नाही?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: निपाणीतील घराच्या पूर्वेकडील बाल्कनीत मनी प्लांटची कुंडी आणि अमॅरिलिसचे, म्हणजे नर्सरीत जिला नुसती ‘लिली’ म्हणतात तिचे, दोन कांदे शेजारी शेजारी ठेवले आहेत, दोन्हींना रोज सकाळी पाणी आणि दर महिन्याला खत मिळते, तरीही मनी प्लांटच्या वेली लांबच लांब वाढून वरचा भाग उघडा पडला आहे आणि पाने लहान राहिली आहेत, तर लिलीला आणली त्या वर्षी फुले आली आणि पुढची दोन वर्षे नुसती पाने येत आहेत. दिवाळी तोंडावर असताना आपण हे विचारले हे बरे झाले, कारण लिलीच्या बाबतीत जे करायचे त्याची सुरुवात याच दिवसांत होते.

मी बेळगावात राहते आणि ही दोन्ही झाडे माझ्याकडे बऱ्याच वर्षांपासून आहेत. माझ्या मते आपली अडचण दोघांना एकच वेळापत्रक लावण्यात आहे. मनी प्लांटला ऋतूंचे फारसे सोयरसुतक नसते. त्याला जागा योग्य मिळाली की बाराही महिने तो एकाच चालीने वाढतो. लिलीचे मात्र वर्षाचे स्पष्ट भाग पडतात आणि त्यातील एका भागात पाणी बंद ठेवणे हीच तिची काळजी असते.

मनी प्लांटचे आधी उरकून घेते. हे मूळचे पॅसिफिक महासागरातील मोरेआ बेटावरचे झाड असून आपल्या अळूच्या कुळातील आहे. त्याला फुले कधी येतील याची वाट पाहण्याचे कारणच नाही, कारण १९६४ नंतर त्याला आपोआप फुले आल्याची नोंद नाही. फुलण्यासाठी लागणारे जिबरेलिन हे संप्रेरक बनवणारे त्याचे एक जनुक नीट काम करत नाही, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले. म्हणजे या झाडाकडून आपल्याला हवीत ती पानेच, आणि पाने दोन गोष्टींवर ठरतात: उजेड आणि आधार. थेट ऊन न लागणारी पण भरपूर उजेडाची जागा त्याला द्यावी. उजेड कमी पडला की पेरांतील अंतर वाढते आणि पानांवरचे पिवळे पट्टे पुसट होतात. खाली लोंबणाऱ्या वेलीची पाने लहानच राहतात, तर वर चढणाऱ्या वेलीची मोठी होत जातात. बागेतील आंब्याच्या खोडावर चढलेल्या मनी प्लांटची पाने सुपाएवढी होतात ती याचमुळे. आपल्याला वेल लोंबतीच ठेवायची असेल, तर उघड्या पडलेल्या वेली पेराच्या थोड्या वर छाटाव्यात आणि प्रत्येकी दोन-तीन पेरांचे तुकडे त्याच कुंडीत मोकळ्या जागी खोचावेत. पेरापाशी मुळे फुटतात आणि कुंडी वरूनही भरते. पाणी बोट घालून पाहूनच द्यावे; वरची दोन-तीन सेंटिमीटर माती कोरडी लागेपर्यंत थांबावे. पावसाळ्यात घरातल्या कुंडीला आठवड्यातून एकदाही पुरते. खालची पाने एकामागून एक पिवळी पडू लागली तर बहुतेक वेळा पाणी जास्त झालेले असते, आणि रोजच्या पाण्याने हे आज ना उद्या होणारच.

आता लिली. मार्च-एप्रिलमध्ये जो दांडा वर येतो, त्याचा कोंब आदल्या वर्षीच कांद्याच्या आत तयार झालेला असतो. साधारणपणे दर चार पानांमागे असा एक कोंब धरतो. त्यामुळे विकत आणलेल्या कांद्याला पहिल्या वर्षी आलेली फुले ही तो पिकवणाऱ्याच्या शेतातील कमाई असते आणि आपल्या हातची परीक्षा दुसऱ्या वर्षापासून सुरू होते. फुले सुकल्यावर अनेक जण कुंडी कोपऱ्यात सरकवतात, आणि माझ्या दृष्टीने सगळा घोटाळा तिथेच होतो, कारण त्यानंतर येणारी पाने हाच कांद्याचा स्वयंपाक आहे. सुकलेला दांडा कापावा, पण हिरव्या पानाला कात्री लावू नये. मे ते सप्टेंबर या काळात कुंडी कठड्यालगत, सकाळचे चार-पाच तास ऊन लागेल अशी ठेवावी. म्हणजे आपल्या बाल्कनीत लिली बाहेरच्या बाजूस आणि मनी प्लांट आत भिंतीकडे, अशी अदलाबदल करावी लागेल. खत याच महिन्यांत द्यावे, तेही पालाश अधिक असलेले; चिमूटभर चुलीची राख आणि शेणखत चालते, युरिया मात्र टाळावा, त्याने पानेच माजतात.

पावसाळ्याचा भाग गावाप्रमाणे बदलतो. खानापूर-जांबोटीकडे आठवडेच्या आठवडे पाऊस थांबत नाही, तिथे कुंडी पत्र्याखाली घेतल्याशिवाय कांदा टिकत नाही. अथणीकडे तोच कांदा उघड्यावर सहज राहतो. निपाणी या दोन्हींच्या मधली आहे, तेव्हा आषाढात झड लागली की कुंडी आत घ्यावी आणि खालची ताटली रिकामी ठेवावी. कुंडीत आपल्या भागातील काळी माती भरली असल्यास ती बदला. ती पाणी धरून ठेवते. लाल माती, जाड वाळू आणि जुने शेणखत यांचे मिश्रण करून कांद्याचा वरचा तिसरा भाग मातीबाहेर राहील असा लावावा. कुंडीही कांद्यापेक्षा चहूबाजूंनी दोन-तीन सेंटिमीटरच मोठी हवी. याच दिवसांत काळ्या अंगावर पांढरे ठिपके आणि तांबूस खुणा असलेल्या अळ्या एका रात्रीत पाने फस्त करतात. त्या हाताने वेचणे उत्तम. निपाणीत तंबाखूची भुकटी सहज मिळते म्हणून तिचा काढा फवारण्याचा मोह होईल, पण राहत्या घराच्या बाल्कनीत तो वापरू नये. निकोटीन माणसालाही विषारीच आहे.

दिवाळीनंतर पाणी कमी करत जावे आणि नोव्हेंबरच्या अखेरीस ते पूर्ण थांबवावे. पाने पिवळी पडतील. ती आपोआप वाळू द्यावीत. कुंडी आठ ते दहा आठवडे कोरड्या, सावलीच्या जागी पडून राहू द्यावी. या विश्रांतीसाठी थंडी उपकारक असते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्याने डिसेंबर-जानेवारीत इथल्या रात्री चांगल्याच गार असतात, म्हणून बाहेरच्या देशांतील पुस्तकांत सांगितलेले फ्रीजचे खटाटोप आपल्याला करावे लागत नाहीत. फेब्रुवारीत वरची माती थोडी बदलून एकदा भरपूर पाणी द्यावे आणि दांड्याचे टोक दिसेपर्यंत पुन्हा पाण्याची घाई करू नये.

एक सावधगिरी दोन्ही झाडांना लागू आहे. मनी प्लांटच्या रसात अळूसारखेच खाजरे स्फटिक असतात, आणि अमॅरिलिसचा कांदा पोटात गेल्यास लायकोरिन या द्रव्यामुळे उलट्या होतात. घरात मांजर किंवा रांगते मूल असेल तर दोन्ही कुंड्या उंचावर ठेवा, आणि माती बदलताना काढलेले कांदे स्वयंपाकघरात ठेवू नका. जेवणाच्या कांद्याशी त्यांची गफलत सहज होते.

दोन वर्षे उपाशी राहिलेल्या कांद्याकडून येत्या मार्चमध्येच फुलांची अपेक्षा धरू नका. तो चाचपून पाहा: टणक आणि मुठीएवढा असेल तर दांडा येण्याची शक्यता चांगली आहे, लहान आणि मऊसर असेल तर पुढचा पूर्ण पावसाळा त्याला पाने पोसू द्या आणि बाजूला आलेली पिल्ले वेगळी करून लावा. पिल्लांना फुलायला मात्र दोन ते तीन वर्षे लागतात.