हॅस्केल शिकायच्या आधी एडिटर नीट लावून घे

सातपूरची नोकरी सांभाळून संध्याकाळी हॅस्केल ही प्रोग्रामिंगची भाषा शिकतोयस, याचं मला फार कौतुक आहे. फक्त कोणता एडिटर घ्यावा यावर आठवडा घालवू नकोस. २०१६ मध्ये लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल, म्हणजे एडिटर आणि भाषेचा सर्व्हर यांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचे नियम, आला. तेव्हापासून चुका दाखवणं, सूचना देणं असं भाषेचं बरंचसं काम एडिटरमागे चालणारा वेगळा प्रोग्राम, म्हणजे सर्व्हर, करतो. व्हीएस कोड, निओव्हिम, ईमॅक्स, सगळीकडे तोच चालतो.

जीएचसीअप या हॅस्केलची साधनं बसवणाऱ्या प्रोग्रामने कंपायलर, कबाल (पॅकेजेस आणि बिल्ड सांभाळणारं साधन) आणि हॅस्केल लँग्वेज सर्व्हर बसव. सगळ्यात नवा कंपायलर घ्यायचा मोह होईल, तो टाळ. सर्व्हर ठरावीक आवृत्त्यांनाच साथ देतो. जुळलं नाही तर ना सूचना दिसतात ना टाइप (कुठली किंमत कोणत्या प्रकारची आहे ते). जीएचसीअप ज्या आवृत्तीची शिफारस करतं तीच घे. डाउनलोड मोठं आहे, मोबाइल डेटावर करू नकोस. कॉलेज रोडला कुणा मित्राकडे चांगलं वाय-फाय असेल तर तिथे बस.

आता माझ्या सगळ्यात आवडीची गोष्ट. फंक्शनचा टाइप आधी लिही, आणि पुढे सुचेना तिथे नुसता अंडरस्कोर टाक. त्या जागी कोणता टाइप हवा आणि हाताशी असलेलं काय तिथे बसेल, हे कंपायलर सांगतो. मी आजही असंच लिहिते. नवशिक्याला याहून चांगला शिक्षक मिळणं कठीण!

रॅम कमी असेल तर एका वेळी एकच प्रोजेक्ट उघड, सर्व्हर बरीच मेमरी खातो.

पुढे ओकॅमल या दुसऱ्या भाषेकडे वळलास, तर तिच्या ओपॅम या पॅकेज मॅनेजरच्या प्रत्येक स्विचमध्ये (कंपायलर आणि पॅकेजेसच्या वेगळ्या संचात) तिचा सर्व्हर वेगळा बसवावा लागतो.