आधी खाडा विचार, मग दुखणं

प्रिय डॉक्टर,

तुझं पत्र वाचलं. ऊसतोडीच्या बाया दुखणं अंगावर काढतात, अगदी गळ्याशी आल्यावर येतात, म्हणून तू चिडला आहेस. पहिल्या हंगामात मीही अशीच चिडायचे.

उसाच्या फडात दुखणं वेगळं आणि आजार वेगळा. कंबर धरते, लघवीला जळजळतं, अंगावरून पांढरं जातं, हे दुखणं, ते असायचंच. कोयता उचलवेना, की मग तो आजार. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', म्हणजे मजुरांची एक जोडी, धरतात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली मजुरी, गावीच खर्च झालेली असते. एक दिवस कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीत, बसलं की मजुरी बुडते आणि वर खाड्याचे पैसे कापतात. एक पोटुशी बाई मला म्हणाली होती, "बाई, तपासू नका, उद्या मोळी उचलेल अशी सुई द्या." तिचे हात पाचटाने चिरलेले होते. पहाटे अंधारात ती फडात गेली होती आणि माझी ओपीडी बंद होता होता पोचली होती.

जळजळीवर नुसत्या गोळ्या देऊ नकोस. फडात आडोसा नसतो, म्हणून बाया दिवसभर पाणीच पीत नाहीत. हे विचारल्याशिवाय कळत नाही.

पिशवीचं मात्र फार जपून. बीड जिल्ह्यात २०१६-१७ ते २०१८-१९ या तीन वर्षांत ४,६०५ बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्या, असं सरकारनेच २०१९ मध्ये विधान परिषदेत सांगितलं. त्या सगळ्या काही तोडणीवाल्या नव्हत्या. पण "पिशवी काढली की पाळीची कटकट नाही, खाडाही नाही" हा हिशेब मी अनेकींच्या तोंडून ऐकला आहे. तो त्यांच्या अडाणीपणातून आलेला नाही. "कॅन्सर होईल" अशी भीती घालणारे आपल्यातलेच होते, हे मला आजही सलतं. एखादी "काढूनच टाका" म्हणाली, तर तिला आधी बसव आणि पाणी दे. साध्या औषधाने काय बरं होतं ते सांग. तिच्या नवऱ्यालाही सांग.

या आठवड्यात एकदा संध्याकाळी कोपीवर जा, आशाताईंना बरोबर घे. कुणी पोटुशी असेल, कुणाला टीबीच्या गोळ्या चालू असतील, तर पुढचं थळ, म्हणजे तोडीची पुढची जागा, कुठलं ते मुकादमाला विचार आणि तिथल्या आरोग्य केंद्राचा नंबर कार्डावर लिहून दे. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून दे. कोपीत रात्री दव गळतं.

तुझी,
मॅडम