घटपर्णीची कुंडी बदलताना

प्रश्न : माझ्याकडील नेपेंथेस, म्हणजे घटपर्णी, बरीच वर्षे एकाच कुंडीत आहे. आता मॉसवर, म्हणजे कुंडीत भरलेल्या शेवाळावर, पांढरी, कापसासारखी बुरशी दिसते. मुळे स्वच्छ धुऊन झाड नव्या मातीत लावावे आणि बुरशीनाशक फवारावे का?

उत्तर : कुंडी जरूर बदलावी, मात्र माती नको, मुळे धुणे नको आणि फवारणीची घाईही नको. घटपर्णी निकस, आम्लधर्मी जमिनीत वाढते आणि नत्राची उणीव पानांच्या टोकांना लटकणाऱ्या घटांत पकडलेल्या कीटकांतून भरून काढते, त्यामुळे बागेच्या मातीतील व शेणखतातील क्षार तिच्या मुळांना मानवत नाहीत. लांब धाग्याचे स्फॅग्नम मॉस आणि पर्लाइट (पांढरे, हलके खनिज दाणे) निम्मे-निम्मे घेऊन, न दाबता, प्लास्टिकच्या कुंडीत भरावे. पाणी पावसाचे किंवा आरओचे द्यावे, पण कुंडीखालच्या ताटलीत ते साचू देऊ नये.

या झाडाची मुळे केसासारखी बारीक, ठिसूळ आणि काळी असतात. काळा रंग पाहून ती कुजली असे समजून अनेक जण कात्री चालवतात, आणि खरे नुकसान तेथेच होते. निरोगी मूळ काळे असले तरी बोटांना टणक लागते, कुजलेले मूळ मात्र चिमटीत लगदा होते. तेवढेच काढावे, आणि मुळांना चिकटलेले जुने मॉस सहज सुटेल तितकेच सोडवून बाकीचे तसेच राहू द्यावे.

पांढरी बुरशी बहुधा मॉसमधील मृत भागावर जगते. ती चमच्याने खरवडून टाकली आणि हवा खेळती ठेवली की पुरते. काळजी करायची ती करड्या बुरशीची, कारण सुकलेल्या घटांवर व पानांवर बस्तान बसवून ती जिवंत भागातही शिरते. म्हणून घटाचा वाळलेला भाग वेळच्या वेळी कापावा. पान हिरवे असेल तर ते ठेवावे, कारण अन्न तेच तयार करते. कुंडी बदलल्यावर दमटपणासाठी झाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधण्याची पद्धत दिसते. कोंडलेल्या ओल्या हवेत बुरशीच आधी वाढते. त्यापेक्षा काही आठवडे कडक ऊन टाळून झाड भरपूर पण सौम्य उजेडात ठेवावे. एवढे करूनही करडी बुरशी पसरत राहिली तरच फवारणीचा विचार करावा, आणि तेव्हाही ताम्रयुक्त बुरशीनाशक टाळावे.

या काळात जुने घट वाळले तरी घाबरून खत घालू नये. नवी पाने येत असतील तर झाड रुजले आहे. घट मात्र काही महिन्यांनीच धरतील.